नेमगोंडांचा पहिला शब्द

—न्हाय हो आक्का, करंटला भ्यायचं न्हाय, मुंग्या आल्यागत हुतंय, एवढंच. मग शेक देतील, मानंला वजन लावतील. रोज बघती की मी हितं दवाखान्यात बसून.

आमच्या ह्यांना? लकवा. निपाणीजवळच गाव आमचं, ह्यांना नेमगोंडा आप्पा म्हंत्यात समदे. उजवी बाजू गेलती — हाताला गरम मेण लावलं, पायाचा व्यायाम घेतला, आता काठीवर चालत्यात. आणि बोलणं? ते सौम्या म्याडम शिकवत्यात, त्या आतल्या खोलीत, आरशासमोर बसवून. लई दिवस नुसतं 'आ, आ'. मग पहिला शब्द आला — 'श्रद्धा'! म्याडमनी टाळ्या वाजवल्या, समद्यांनी वाजवल्या, मीबी वाजवल्या. काय करणार? श्रद्धा म्हंजे आमची लेक. एकुलती. माहेरपणाला आलती, कावीळ झाली, गेली — ह्यांनीच खांदा दिला तिला — आणि त्याच आठवड्यात हे अंगणात कोसळले. तंबाखूचं रान ध्यानात हाय, माझ्या माहेरची वाट ध्यानात हाय, तिचं जाणं तेवढं नेमकं पुसून गेलं. उठलं की, 'तारा, श्रद्धा कवा येणार?'

सांगितलं की! डॉक्टर म्हणाले, हळूच सांगा. सांगितलं. पोरगी आत्ताच गेल्यागत रडले, जेवले न्हाईत, आल्यालं बोलणंबी आटलं. आणि दोन दिवसांनी पुन्हा — 'श्रद्धा कवा येणार?' किती येळा मारू माझ्या पोरीला, तुम्हीच सांगा? म्हणून म्हंती, येतीया, सासरहून निघालीया. खोटंच — पण आक्का, बोलता बोलता जिभंला गोड लागतंय हो. काल दुपारी दार वाजलं आणि मी — तिला शेवटची आंघोळ घातल्याली मी — 'आले गं श्रद्धा' म्हणत पळाले. लाईटचं मीटर बघाय आल्याला माणूस हुता.

मागं वळून बघती तर हे माझ्याकडंच बघत हुते. काय म्हणाले ठाव हाय? 'तारा, ती न्हाय येत आता.' एक अक्षर अडखळलं न्हाय. डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

व्हय, बरं झालं म्हणायचं. म्याडमबी तेच म्हणाल्या, लई सुधारणा हाय. पण आज सकाळपासनं त्यांनी इचारलंच न्हाय हो — चहा घेताना न्हाय, बसमधी न्हाय — आणि मी आपली त्यांच्या तोंडाकडं बघतीया, आता इचारतील, आता इचारतील—

तुमचं नाव पुकारलं बघा. उठा. जा तुम्ही.