वाट्यात वर एक टाकला

हॅलो?… कोण?… हां, मनिषा वहिनी! बोला. आज आवडाबाईची आठवण झाली?… सरंगा? पापलेट आहे की नाही ते मग सांगते. आधी तुमचं होऊ दे.

हो, हो… पोफळीचे पाहुणे? तुमच्या केतनसाठी मुलगी सांगून आली, तेच?… आज जेवायला! मग जेटीवर जायचं होतं… गेलात? कोणीच म्हावरं दिलं नाही?… नाहीच देणार. तिथे बसतात त्या सगळ्या माझ्या सुना नाहीतर भाच्या.

काय केलं म्हणून विचारता?… अहो, ऐका ना! तुम्ही नाही, तुमच्या केतन सरांनी केलंय. क्लासात माझ्या नातीला फळ्याजवळ उभं केलं… योगिनीला हो, दहावीतल्या. तुमच्याकडेच येते. येत होती!… हां, तीच समीकरणं. इकडे जेवढं, तेवढंच तिकडे यायला हवं. पोरीला उजवीकडे एक ऑक्सिजन कमी पडला. तर तिने पाण्याच्या एच-टू-ओमध्ये ओच्या पायाशी दोनाचा आकडा चिकटवला. बाजारात बसते ना माझ्याजवळ! ओळखीचं गिऱ्हाईक आलं की मी वाट्यात वर एक बांगडा टाकते, तसंच केलंन तिने.

… चुकलंच! मी कुठे नाही म्हणते? ते पाणीच राहिलं नाही, जखमेवर फेसाळतं ते औषध झालं. मला काय कळतंय त्यातलं, मी दुसरीत शाळा सोडली. पोरीनेच मागाहून ओट्यावर बांगडे मांडून दाखवलं. पाण्याचा वाटा ठरलेला, त्याच्या आत बोट घालायचं नाही. कमी पडलं तर अख्खा दुसरा वाटा लावायचा, मग डावीकडे काय कमी पडतं ते बघायचं… शिकली तर! आता झरझर सोडवते.

पण सरांनी चूक दाखवली का? नाही! म्हणाले, “टोपलीवाल्यांच्या डोक्यात हे शिरायचं नाही. जा, मासे वीक.” सगळ्या पोरांसमोर!… मस्करी? मग माझी पोर उपाशी का झोपली त्या दिवशी? आणि इतकी वर्षं तुमच्या वाट्यात वर पडलेले बांगडे कोणाच्या टोपलीतले होते हो?

… रडू नका. क्लास चालू आहे ना आत्ता? पोरं बसलीत?… मग सरांना द्या फोन आणि स्पीकर लावा. पोरांसमोर बोलले, आता पोरांसमोरच मागे घेऊ देत. इकडे जेवढं, तेवढंच तिकडे.

… नमस्कार, सर. आवडाबाई, टोपलीवाली… मला नको, योगिनीला म्हणा. इथेच आहे ती. ये गो, कान लाव…

… जरा मोठ्याने. मागच्या पोरांना ऐकू जात नसेल… माफी कशाबद्दल? तेही सांगा. काय बोलला होता, शब्द न शब्द…

… हां. झालं गो तुझं समाधान?… मान हलवली तिने, सर. द्या आईंना.

… वहिनी? आता सरंगा? अहो, तो मघाशीच गेला… मी कुठे कबूल केलं होतं? “आधी तुमचं होऊ दे,” एवढंच म्हटलं… कोणी नेला म्हणजे? तुमच्याच पाहुण्यांनी! रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून बाजारात माझ्यापाशी गाडी थांबवली. मुलीची आई तर माझ्याशेजारी फतकल मारून बसली. तिची आई पावस गावात डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरायची, म्हणे.

… हो, विचारलं ना! मुलगा कसा आहे, म्हणून… मग? खोटं कशाला बोलू? सांगितलं. शब्द न शब्द.

… काय म्हणाली? उठली, पदर झटकला, गाडीत बसली. मी त्यांच्या वाट्यात वर एक टाकला.

… वहिनी, तो हॉर्न तुमच्याच दारात वाजला ना? जा, उघडा. सरंगा आला तुमचा.