वाचनालय खाली आहे

पोरा, मी सांगते यातला एक शब्द तरी खरा मानून दाखव. जयेंद्रगंजातलं आपलं मराठी वाचनालय मी तीन शब्दांत बंद पाडलं. मी, चौथी पास.

वाचनालय वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर आणलं, तेव्हा ते सांभाळणाऱ्या कुसुमताई म्हणाल्या, "म्हाताऱ्यांचा जिना वाचला. पण लोकांना कळवायचं कसं?"

"फेसबुकवर टाकू."

"पुस्तकांच्या जागेला ते कशाला हो?"

"आजकाल लोक तिथंच तर बसलेले असतात. आणा फोन."

आणि मी टाकलं, "वाचनालय खाली आहे." मराठीत खाली म्हणजे तळमजल्यावर, पण या हिंदी मुलखातले लोक हिंदीत वाचणार, म्हणजे रिकामं. मला ठाऊक होतं रे. म्हटलं, चार जण घाबरून धावत येतील, कुसुमताई चिडतील, आपण हसू.

चार नाही, एकच आला. कोचिंगवाला. "आंटीजी, हॉल खाली है ना? किराये पे चाहिए." कुसुमताईंनी त्याला हाकललं, तर तो थेट वाचनालयाच्या कमेटीकडे गेला. कमेटी म्हणाली, "तसंही वाचायला येतं कोण?" महिन्याभरात हॉल त्याला मिळाला आणि पुस्तकं पोत्यांत भरून कुसुमताईंच्या घरी गेली.

परवा त्याच माझी समजूत घालत होत्या, "जाऊ द्या हो काकू. तुमचं शिक्षण कमी, तुम्हाला काय माहीत लोक कसं वाचतील."

मी मान हलवली. जन्मभर थट्टा करून वर टाळी मागणारी मी, ही थट्टा होती एवढंसुद्धा सांगू शकले नाही.

बघतोस काय असा? जा आता.