द्राक्षाची कोय

...नाही, पण मी म्हणतो, लिहून देणाऱ्यानं निदान वाचून तरी द्यावं की नाही? तुम्हाला सांगतो, आमच्या शेजारचा रोहित, पिंपळगावचं पोरगं, नाशिकला बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला. त्याला प्रोजेक्ट आला 'द्राक्षाचा व्यापार', आणि प्रोजेक्टवर सरांची सही नाही तर हॉल तिकीट नाही, अख्खं वर्ष पाण्यात! मग गडी गेला कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे. तिथे सगळं तयार मिळतं. त्या भल्या माणसानं काय करावं, कोकणातल्या कुणाचा तरी आंब्याचा प्रोजेक्ट काढला, आणि आंबा पुसून जिथे तिथे द्राक्ष घातलं... दहा मिनिटांत मोकळा! रोहितनं वाचलं का? छे. काय करणार, सही हवी ना.

प्रफुल्ल सर भर वर्गात वाचायला लागले, अगदी शांतपणे. "द्राक्षाची पेटी चार डझनांची असते. द्राक्ष गवतात आढी घालून पिकवतात. कोय मोठी निघाल्यास ग्राहक नाराज होतो..." मग चष्म्यावरून बघत, "रोहित, गाव कोणतं रे तुझं?" आणि ह्याच्या तर दारावरून द्राक्षाचे टेम्पो जातात! सर म्हणाले, "सोमवारपर्यंत नवीन आण. नाहीतर पुढच्या वर्षी भेटू."

पोरगं रडकुंडीला येऊन गेलं कुसाबाईकडे. कुसाबाई म्हणजे त्याची आत्या, वीस वर्षं पॅकहाऊसमध्ये द्राक्षांचे घड निवडतेय. ती म्हणाली, "मला लिवता येत नाय बाबा. पर शेजारी उभा ऱ्हा, कात्री धर, मी सांगते ते ध्यानात ठिव." झालं, तीन दिवस उभा! घड देठानं धरायचा, बोट लागलं की मण्यावरची पांढरी झाक जाते, व्यापारी भाव पाडतो... ती बोलायची, हा घरी जाऊन आत्याच्या नावानिशी लिहायचा. पाय सुजले बिचाऱ्याचे, पण काय करणार, सही हवी ना.

सोमवारी सर वाचत बसले, वाचतच बसले... आणि केली सही! पोरगं स्टँडपर्यंत पळत गेलं हो. खरं सांगतो, मलाच हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. "रोहित, अरे, माझी पीएचडी द्राक्षावरच आहे. सात वर्षं तिसरं प्रकरण हलत नाही. आत्याबाईंना विचारून तेवढं लिहून देशील?" म्हणजे त्यांनाही गाइडची सही हवी ना.

कुसाबाई म्हणाली, "लिवून-बिवून काय नाय. सरांना म्हनावं, सकाळी सातला या."

काय सांगू तुम्हाला, आले. डोक्याला जाळीची टोपी, हातात कात्री, खिशात वही. वहीकडे हात गेला की कुसाबाई म्हणते, "मास्तर, लिवायचं मागनं, आधी हात चालवा."