पत्रकात छापलेलं नाव

व्हय व्हय, पाळकसाहेब, तुमी वाचून दाखवलं ते सगळं बरोबर हाय — सात मंडळ्यांचं ते मासिक पत्रक, ह्याच छापखान्यात निघायचं, सोमलिंगमास्तर संपादक आणि मी, कासीम, छपाईचे खिळे जुळवणारा. मुसलमान माणूस चर्चचं पत्रक कसं काय जुळवतो, असं नव्या पेठेत सगळे विचारायचे. काय अवघड हाय त्यात? अक्षरं सगळ्यांची एकच की. कुठल्या मंडळीत नवे पंच निवडले, कुठं बाप्तिस्मा झाला, पंचांनी सभा कशी चालवावी, भांडण कसं मिटवावं — मास्तर लिहून आणायचे, मी जुळवायचो. आता तुमी त्याच पंचांच्या शिबिरासाठी पुस्तिका काढताय, त्यात मास्तरांच्या चुकीचा धडा घालताय. घाला. लोकांनी शिकावं की.

पण त्याआधी काय झालं ते नीट लिवा. त्र्याहत्तर साल, दुष्काळ, एप्रिल महिना. करकंबच्या अलीकडं एका गावात सरकारी कामावर दोनशे माणूस खडी फोडत होतं. विजयमालाबाई तितल्या आपल्या मंडळीच्या शिक्षिका — पोरांना शिकवायच्या, पाळक नसला की रविवारची प्रार्थना त्याच घ्यायच्या. चाळिशीची बाई, नवरा वारलेला. त्यांच्याच मंडळीतला तिप्पण्णा खडीवर होता. ख्रिस्ती झाला तरी गावाच्या लेखी गावकुसाबाहेरचाच. एका दुपारी टँकर आला, पिपात पाणी ओतलं, आणि तिप्पण्णानं आपला तांब्या सरळ पिपात बुडवला. मुकादमानं काय केलं? दगड फोडायचा घण उचलला. पहिला खांद्यावर, दुसरा कानाच्या वर. तिप्पण्णा बसल्या जागी कलंडला, पाय झाडायला लागला, तरी तिसरा घातला — मेंदू पिपावर उडाला, साहेब, आणि ते पाणी फेकून द्यावं लागलं म्हणून मुकादम त्यालाच शिव्या देत होता. मेलेल्याला. पंचनाम्यात काय आलं? दगड घसरला, डोक्यात पडला. दोनशे माणूस म्हणालं, आमी बघितलं न्हाय. म्हणणारच की — हजेरी मुकादमाच्या हातात, हजेरी गेली की चूल विझली. पाणी न्यायला आलेल्या एकट्या बाई म्हणाल्या, मी बघितलं.

पोलिसांनी त्यांना हाकलून दिलं. मग बाईंनी मास्तरांना तीन पानी पत्र लिवलं, आणि मास्तरांनी ते पत्रकात घ्यायचं ठरवलं. का? सात मंडळ्यांना कळलं म्हणजे सातांची माणसं मिळून कलेक्टरकडं जातील म्हणून. पत्र छापून आलं, नावासकट आलं. नाव छापलं तीच चूक, असं मंडळ्यांच्या कमिटीनं ठरवलं, तुमीबी तेच लिवलंय.

अंक निघाल्यावर पाचव्या दिवशी मुकादम आणि त्याचे दोन मेव्हणे शाळेत शिरले. भर सकाळी, पोरं पाटीवर अक्षरं गिरवत बसलेली. मुकादमाच्या हातात आपला अंक. म्हणाला, "बाई, हितं तुझं नाव हाय. वाच." बाईंनी वाचलं. सगळं वाचलं, तिसऱ्या घावापर्यंत, सावकाश, पोरांना धडा वाचून दाखवावा तसं. मग मेव्हण्यांनी त्यांना पालथं पाडून दोन्ही हात उंबऱ्यावर दाबून धरले, आणि मुकादमानं कुऱ्हाड उलटी केली — धार न्हाय, मागचा बोथट तुंबा — आणि बोटं ठेचली. खडी फोडावी तशी. उजव्या मनगटाचं हाड कातडं फाडून वर आलं. पोरं पळाली, एक पोरगी भिंतीला चिकटून बसली, तिला हलताच येईना. जाताना त्यांनी छपराला काडी लावली. हात तर कामातनं गेलेले — बाईंनी त्या पोरीचा परकर दातांत धरला आणि कोपरांवर सरपटत तिला बाहेर ओढलं.

मला कसं ठाऊक? दवाखान्यात बाईंनीच सांगितलं की. मी आणि मास्तर गेलो होतो. दोन्ही हात प्लास्टरात, डोक्याचे केस जळून गेलेले. मास्तर खाटेच्या पायाशी उभे. बाई म्हणाल्या, "मास्तर, नाव छापलंत ते बरं केलंत. बिननावाच्या बाईचं कोण ऐकतं?" मास्तरांनी माझ्याकडं बघितलं, आणि बाईंना म्हणाले, "माझ्या हातून झालं. माफ करा."

माझ्याकडं का बघितलं? सहज. मी शेजारी होतो म्हणून. लिवा की तुमी पुढं — प्रूफ? प्रूफ मास्तरांनीच तपासलं, सही केली, त्यात 'एक भगिनी' असंच — हां. 'एक भगिनी' होतं प्रूफात. व्हय.

असं बघू नका माझ्याकडं. मास्तरांनी बाईंचं नाव शाईनं खोडलं होतं. पण मूळ कागद माझ्यापाशी, उजेडाला धरला की वाचता यायचं. पंधरा वर्षं मी नावं जुळवली, साहेब — कोण पंच झाला, कोणी चर्चला पंखा दिला, ज्याची त्याची नावं ठळक टायपात. आणि दोनशे माणसांत जी एकटी बोलली, ती 'एक भगिनी'? मला बघवेना ते. प्रूफ पास झालं, मास्तर अक्कलकोटला सभेला गेले, आणि मी दोन शब्द उपसून तिचं नाव बसवलं. मोठ्या टायपात. वाटलं, परत आले की शाबास म्हणतील. आले तोवर अंक टपालात गेलेले. वाचलं, खाली बसले, म्हणाले, "कासीम, हे काय केलंस रे."

कमिटी बसली तेव्हा मी दाराबाहेर होतो. आतनं मास्तरांचा आवाज आला — "नाव मीच दिलं." खरं बोलले असते तर काय झालं असतं? मुसलमानानं बाईचा घात केला, असं जिल्हाभर झालं असतं, माझं घर जाळलं असतं कुणीतरी. त्यांना ठाऊक होतं ते. दार नुसतं लोटलेलं होतं. मी गेलो न्हाय आत.

बाईंनी कोर्टात साक्ष दिली, मुकादमाला जन्मठेप झाली, मेव्हणे सात-सात वर्षांला गेले. जबानीवर सही करायला बोटं न्हायत, कारकुनानं त्यांचा वाकडा अंगठा धरून दाबला. आणि मास्तर? पत्रक काढून घेतलं, कुठल्या सभेला बोलावणं न्हाय, सहा वर्षांनी, म्हणजे यंदाच, वारले. मातीला मी मागं उभा होतो. त्यांच्या बायकोनं विचारलं, तुमी त्यांच्याबरोबर होता ना हो, असे कसे चुकले ते? मी काय म्हणालो? म्हणालो, होतं कधीकधी.

पेन का ठेवलं खाली? लिवा, न्हायतर फाडा ते पान. मास्तरांच्या बायकोला सांगितलं न्हाय, विजयमालाबाईंना सांगितलं न्हाय, आणि तुमाला — तुमचं तर मी नावबी विचारलं न्हाय अजून. न्हाय, नका सांगू. ती पुस्तिका दुसरीकडं छापा. तो धडा मी जुळवणार न्हाय, मास्तरांच्या नावानं न्हाय आणि माझ्याबी न्हाय. उठा आता, पाळकसाहेब. मशीन सुरू करतोय मी, ह्याच्यापुढं मला काय ऐकू यायचं न्हाय.