नवमीचं कुंकू

जर्मनीतल्या एश्बॉर्न स्टेशनला एस-बान लोकलमध्ये सासरे आणि सून माझ्यासमोर येऊन बसले. तिच्या मांडीवर एअर रायफलची लांब पेटी होती.

"बाबा, मॅच माझी आहे. घाम तुम्हाला का फुटलाय?"

"निधी, रागावणार नाहीस ना? काल खंडेनवमी होती. तुझ्या रायफलीची पूजा केली मी."

"मग, छानच की!"

"कुंकू जरा जास्त पडलं ग. स्क्रूच्या भोकातून आत गेलं. तू बघायच्या आत पुसावं म्हणून सगळी सुटी केली."

"सुटी? घरी?"

"परत जोडली ना! आधी फोटो काढून ठेवले होते. फक्त नळी काही दस्त्यात बसेना."

"हे बघा बाबा, बसत नाही म्हणजे आत काहीतरी अडकलेलं असतं. तिथेच थांबायचं. जोर नाही ना लावलात?"

"हाताने नाही लावला."

"मग कशाने?"

"खलबत्त्यातल्या बत्त्याने. टॉवेल गुंडाळला होता त्याला."

"बाबा!"

"अगं, पण बसली शेवटी! टक्‌कन आवाजसुद्धा आला."

"ती बसताना आवाज येत नाही, बाबा."