नवखे

कोल्हारच्या स्टँडवर अमृतराव पुस्तक उघडून बसले होते, पण पान काही उलटत नव्हतं. असं चोरून ऐकणं बरं नव्हे, हे त्यांना ठाऊक होतं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला म्हाताऱ्या बनुबाई गाठोडं घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या ओळखीची सुरय्या त्यांना विचारत होती.

“मावशी, वस्ती सोडली म्हनं?”

“सोडली. लेकीकडं चालले सोनईला. उसातल्या घरात आता जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई.”

“पन बिबट्या तर धरून न्हेला ना? पिंजरा लावा म्हनून तुमीच रस्ता अडवून बसल्या हुत्या.”

“व्हय. लई म्हातारा हुता गं त्यो. पाय वढत चालायचा. दिवस बुडता बुडता पाटाच्या कडंनं जायचा. आमी तेवढा वेळ दार लावून बसायचो, झालं.”

“मग?”

“त्यो गेला, जागा मोकळी झाली. आता तीन आलेत, तरनेताठे. भर दुपारी वट्यावर येऊन बसत्यात.”

“म्हंजे म्हाताऱ्याचा धाक हुता!”

“मला काय ठावं? मला वाटायचं, वस्ती मीच राखते.”

“परत पिंजरा लावायचा.”

“लावला की. आतल्या शेळीच्या वासानं चौथा आला.”

“मग म्हाताऱ्यालाच आनून सोडा म्हनावं!”

“म्हनले. पिंजरावाले हसले. म्हनले, आजी, त्यो आता दुसऱ्याच्या उसात नवखा हाय.”

“अगं बया! आन लेकीचं घर? गावात हाय ना?”

सोनईची गाडी लागली. बनुबाईंनी गाठोडं उचललं.

“न्हाई गं पोरी. उसातच हाय.”