पूर्णगडचा जुना नकाशा

पूर्णगडच्या एसटीच्या रांगेत माझ्यापुढे नकाशांच्या ऑफिसातल्या दोघी उभ्या होत्या.

“श्रद्धाताई, साहेबांकडे पूर्णगडचा जुना नकाशा गेला ना, तो माझ्यामुळे.”

“नकाशे आपोआप पाठवणारी तुझी पायथनची स्क्रिप्ट चुकली काय गो?”

“नाय हो. फोल्डरमध्ये जी फाइल शेवटी सेव्ह झाली असेल, ती स्क्रिप्ट उचलते. मी जुनी उघडली नि सवयीने सेव्ह केली.”

“पण जुनी उघडलीस कशाला?”

“तिच्यात आमचं घर आहे. रस्ता रुंद करताना पाडलं ते. वरून काढलेल्या फोटोंचा नकाशा तो, नुसती कौलं दिसतात, नि बाजूला फणस.”

“मग आता?”

“स्क्रिप्ट बदलली. आता ती फाइलच्या नावातलं साल बघते.”

“आणि तू?”

“मी अजून जुनीच उघडते. सेव्ह तेवढी करत नाय.”